रायवळाची बिअर

समोरच्या खळ्यात परवापासून पेंढ्याचे भारे येऊन पडलेत. शेजाऱ्यांची आढी लागली की तो वास आमच्या पुढच्या खोलीपर्यंत येतो. सुका, थोडा धुळकट पेंढा आणि त्याच्या पोटात हळूहळू ऊब धरणारे आंबे. रस्त्याने जाणारे थांबतात, नाक वर करून म्हणतात, "वा, हापूस!" मी खिडकी लोटून घेते. रत्नागिरीत जन्म काढलेल्या बाईला आंब्याच्या वासाचा कंटाळा यावा हे कुणालाच पटत नाही. गणपतीपुळ्याला जाता जाता आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना तर मी थट्टा करतेय असंच वाटतं.

पण एकतीस वर्षं मी तो वास नोकरी म्हणून घेतला. गावाबाहेरच्या एका कॅनिंगच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. एप्रिल ते जून, सकाळी सातपासून रसाचे नमुने समोर यायचे. गोडी मोजायला यंत्र होतं, आंबटपणा मोजायला काचेची नळी होती, पण रस पास की नापास हे शेवटी माझ्या जिभेवर ठरायचं. चमचाभर रस तोंडात घ्यायचा, टाळूला लावायचा, नाकाने श्वास सोडायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा. मग कोमट पाण्याची चूळ. दिवसाला साठ-सत्तर नमुने. देठाचा चीक उतरला असेल, रस कढईत जरा जास्त वेळ राहिला असेल, आतून पांढरा पडलेला साक्याचा आंबा चुकून गेला असेल, तर मला कळायचं. साहेब कौतुकाने सांगायचे, "बाईंची जीभ हे आमचं शेवटचं यंत्र." तेव्हा बरं वाटायचं. संध्याकाळी घरी आले की मात्र आमटीत मीठ पडलंय का हे मुलीला विचारावं लागे. यंत्र बंद झालेलं असायचं.

चार वर्षांपूर्वी मार्चअखेरीला मी निवृत्त झाले. त्या वर्षीच्या मे महिन्याची मी लग्नाच्या मुलीने वाट पाहावी तशी वाट पाहिली होती. काहीही करायचं नव्हतं. दुपारी पडवीत चटई टाकून पडायचं, वाराही नाही आला तरी चालेल, एवढाच बेत. जेमतेम आठ दिवस तो पार पडला. नवव्या दिवशी दुपारी मुग्धा पुण्याहून आली, आणि तिच्या हातात लाल झाकणाची बर्फाची पेटी होती.

मुग्धा आमची एकुलती एक. सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि पुण्यात नोकरीला लागली. नातेवाइकांत आम्ही "फूड कंपनी" म्हणायचो. ते अगदीच खोटं नव्हतं. ती एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवायची. हे मला माहीत होतं, यांनाही माहीत असावं. पण या घरात तो शब्द उच्चारला जात नव्हता, आणि त्याला कारण होतं. यांचे थोरले भाऊ, अण्णाभावजी, दारूने गेले. शेचाळिसाव्या वर्षी. माझं लग्न झालं तेव्हा ते हसतमुख, बाजाची पेटी वाजवणारे, सगळ्यांना हवेसे गृहस्थ होते. दहा वर्षांत त्यांचं काय झालं ते मी याच घरात राहून पाहिलं. बाजारातून, स्टँडवरून, एकदा तर थेट पावस गावाहून त्यांना उचलून आणणारे हेच. ते गेल्यावर त्यांचा फोटो भिंतीवर लागला, पण त्यांच्याबद्दल बोलणं संपलं.

"आई, मला तुझी जीभ हवीय," पेटी मागच्या पडवीत ठेवत मुग्धा म्हणाली. हे पुढच्या खोलीत झोपले होते. जेवणानंतर दोन ते चार ते हमखास झोपायचे.

"मी ते तोंडाला लावणार नाही हे तुला ठाऊक आहे."

"गिळू नकोस ना. कारखान्यात तरी कुठे गिळायचीस?"

मी चटईवर सरकून तिला जागा केली. मग तिने सगळं सांगितलं. ब्रुअरीत पावसाळ्यासाठी दरवर्षी एक खास बिअर काढतात, फक्त त्या मोसमापुरती. या वेळी मालकाने ती कोकणातल्या फळाची करायची ठरवलं होतं आणि मुग्धा इथली म्हणून तिला संधी दिली होती. याआधी तिच्या दोन कृती नापास झालेल्या. "या वेळी नाही जमलं तर मी पुन्हा टाक्या धुवायला," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण पेटीचं झाकण उघडताना तिचे हात घाईत होते. तिशीला आलेल्या मुलीचे हात इतके खरखरीत झालेले मी पहिल्यांदाच बघत होते.

चहाचे काचेचे पेले मांडले. मध्ये मध्ये खायला कुरमुरे, चूळ भरायला पाणी, थुंकायला जुनं पातेलं. पहिली बिअर साधी होती, गव्हाची. मी घोट घेतला, नाकाने श्वास सोडला, थुंकले.

"पिकलेलं गावठी केळं," मी म्हटलं. "आणि मागाहून लवंग."

मुग्धा बघतच राहिली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? आहे ना त्यात."

"अगं, हे ओळखायला आम्हाला सहा महिने लागले!"

दुसरीत बोंडू होता, काजूचं फळ. तो घशाला खवखवला, नुसती जीभ लागली तरी. तिसरी रातांब्याची. रंग सुरेख, पण चवीला आमसुलाचं पाणी. त्यात बिअर कुठे आहे हे शोधावं लागत होतं. चौथी तिने सगळ्यात शेवटी, जपून ओतली. हापूस. मालकाची सगळी मदार याच बिअरवर होती. फेस पिवळसर, वर नाक नेलं तर ओळखीचा वास, मी मनात म्हटलं, झालं, कारखाना माझ्या पाठोपाठ घरी आला. पण घोट घेतल्यावर थबकले. पुन्हा घेतला.

"मुग्धा, यातला आंबा मेलाय गं."

तिने पेला उचलून स्वतः वास घेतला.

"हापूसची सगळी ताकद गोडीत असते. ती तुझ्या त्या यीस्टने खाऊन टाकली. उरलं काय? ओला पेंढा. आणि थोडं टर्पेंटाइन." मग आणखी एक गोष्ट जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळत होती ती सापडली. "शिळं लोणीसुद्धा आहे."

"लोणी," ती सावकाश म्हणाली. "चार दिवस आधी टाकीतून काढलीय ती. मालकांना घाई होती. मी नको म्हणत होते." तिने वहीत लिहून घेतलं. ओला पेंढा, शिळं लोणी, माझेच शब्द, तसेच.

पुढचे सहा दिवस रोज दुपारी दोन वाजले की आम्ही पडवीत. ती प्रमाण बदलून मिसळायची, मी चाखायची. उन्हाने चिऱ्याची भिंत तापून पाठीला चटके द्यायची. खरं सांगायचं तर मला त्यात आनंद नव्हता. आई-मुलीने असं जवळ बसून काही करणं किती छान, असं कुणालाही वाटेल, मलाही आता आठवताना वाटतं. तेव्हा मला फक्त चटई हवी होती. एका दुपारी अकरावा पेला तिने पुढे केला तेव्हा मी तो ढकलला. "मला काही कळत नाहीये आता," असं खोटंच बोलले. कळत होतं. तेच तर दुःख होतं. एकतीस वर्षं लोकांनी माझ्यापुढे चमचा धरला आणि "कसं आहे?" विचारलं. तू कशी आहेस, असं त्या चमच्यापलीकडून कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मुग्धानेही नाही. तिला विचारायला वेळ नव्हता, आणि मीही तिला विचारलं नाही.

सातव्या दिवशी हे लवकर उठले.

दारात उभे होते. आम्हाला किती वेळ पाहत होते कोण जाणे. कपाळावर घाम, बनियन, हातात चष्मा. माझ्या हातात पेला होता आणि तोंडात घोट. थुंकावा की गिळावा हे कळेना. शेवटी थुंकले. त्या आवाजाची मला आजही लाज वाटते.

"अण्णाच्या शर्टाला हाच वास यायचा," हे म्हणाले.

"बाबा, ही बिअर आहे. काका जे प्यायचे ते—"

"या घरात नको."

"मी प्यायला नाही आणली. काम आहे माझं हे." मुग्धाचा आवाज चढला. "सहा वर्षं मी हे काम करतेय. तुम्ही एकदा तरी विचारलंत, मुग्धा, तू काय करतेस म्हणून?"

यांनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं."

ते आत गेले. शर्ट घातला आणि बाहेर पडले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, जेवायला मात्र बसले नाहीत. मुग्धाने पेटी भरायला घेतली. रात्रीच्या बसने परत जाते म्हणाली. तिच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघताना मला एकदम जाणवलं की मी पुन्हा मधे उभी आहे. अण्णाभावजी नि हे यांच्या मधे, हे नि मुग्धाच्या मधे, शेतकऱ्याचा आंबा आणि साहेबांचा डबा यांच्या मधे. पाय दुखत होते.

"पुण्याला नको जाऊस," मी म्हटलं. "माझ्या माहेरी जाऊ. मीही येते."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी न विचारता, नुसतं सांगून घराबाहेर पडले. "आठ दिवसांनी येते," एवढंच सांगितलं. हे म्हणाले, "बरं."

माझं माहेर संगमेश्वरच्या आतल्या बाजूला, नदीपासून चढ चढून गेलं की. दादा आणि वहिनी दोघंच असतात. घराच्या मागे गोठा आणि गोठ्यामागे रायवळ आंब्याचं जुनं झाड. रायवळ म्हणजे बीतून आपोआप उगवलेला, कलम न केलेला आंबा. एका झाडासारखी चव दुसऱ्याला नसते. फळं लहान, दोऱ्याच दोऱ्या, सालीला चीक. बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. मेमध्ये खाली सडा पडतो, गुरं खातात, उरलेल्यांचं वहिनी मोहरी-खोबरं वाटून सासव करते. त्या झाडाखाली मी लहानपणी वेचून वेचून पोट बिघडवून घेतलेलं.

मुग्धाने एक आंबा उचलला, चोळून मऊ केला, डोकं चावून चोखला. मग थांबली. "आई, हा आंबट आहे."

"असणारच."

"नाही, म्हणजे गोडी काढून घेतली तरी यात काहीतरी उरेल. हा आंबटपणा, आणि हे सालीचं... धुपासारखं."

मीही चोखला. कितीतरी वर्षांनी चमच्याशिवाय आंबा तोंडात गेला होता. ती म्हणत होती ते खरं होतं.

पेटीत साध्या गव्हाच्या बिअरच्या सहा बाटल्या उरल्या होत्या, न गाळलेल्या, यीस्ट जिवंत असलेल्या. तिने रायवळाचा रस काढून गाळला, तापवून थंड केला आणि वहिनीकडून मागून घेतलेल्या दोन काचेच्या बरण्यांत बिअरबरोबर घातला. झाकणाला भोक पाडून बारीक नळी बसवली. आता प्रश्न उकाड्याचा. मग बरण्या माजघरातल्या घंगाळात ठेवल्या आणि दर दोन तासांनी विहिरीचं थंड पाणी बदलायचं काम सुरू झालं. दादा पंचा खांद्यावर टाकून बघायला यायचा.

"काय गो, लोणचं घातलंत की काय?"

"बिअर आहे, दादा," मी म्हटलं. लपवायचा कंटाळा आला होता.

तो घंगाळाजवळ उकिडवा बसला. नळीतून सुटणारे बुडबुडे बघत राहिला. "मजा आहे," म्हणाला. आणि मग दुपारच्या पाण्याच्या दोन खेपा त्याने न सांगता आपल्याकडे घेतल्या.

त्या आठ दिवसांत आम्ही दोघी फारसं बोललो नाही. पाणी बदलायचं, बाजूला आडवं व्हायचं. मुग्धा इतकी झोपायची की वहिनीला काळजी वाटली. "पोरीला बरं नाही काय गो?" मला कळलं नाही तेव्हा. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

सातव्या दिवशी गोठ्याच्या सावलीत आम्ही दोन पेले घेऊन बसलो. रंग गढूळ, हळदीच्या दुधासारखा. मी घोट घेतला. आधी केळं, मग आंबटपणा, मग हापूसमध्ये जे मेलं होतं ते इथे उठून बसलेलं, सालीचा तो कडसर, धुपासारखा वास घशाच्या मागे थांबलेला. बिअरचा स्वतःचा कडूपणा त्याच्या शेजारी बरोबर बसला होता. मी थुंकायला वाकले, आणि थुंकले नाही. गिळून टाकलं.

मुग्धा बघत होती. "आई?"

"पास," मी म्हटलं.

अर्धा पेला प्यायले मी. काही आभाळ कोसळलं नाही. डोळे जड झाले, तिथेच पेंढ्यावर लवंडले आणि उन्हं कलेपर्यंत झोपले. जाग आली तेव्हा मी रडत होते. का ते मला नीट सांगता येणार नाही. अण्णाभावजी आठवले, एवढं खरं. त्यांनाही कधीतरी पहिल्यांदा असंच निवांत वाटलं असेल, आणि मग ते पुन्हा पुन्हा ते शोधत राहिले असतील. इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते. त्या दुपारी राग आला नाही.

मुग्धा तिथूनच पुण्याला गेली, बरणी मांडीवर घेऊन. मी एकटी घरी आले. हे पायरीवर बसले होते. घरात कुळथाच्या पिठल्याचा करपलेला वास होता. आठ दिवस यांनी पेज आणि पिठलं एवढंच केलं होतं. मी पिशवी आत ठेवून पाणी प्यायले आणि बाहेर येऊन शेजारी बसले. तिन्हीसांज होत होती.

"झालं का तिचं काम?" यांनी विचारलं.

"झालं."

समोरच्या घरात दिवा लागला. मग माझ्याकडे न बघता हे बोलू लागले. "शेवटचे सहा महिने अण्णाला मीच आणून देत होतो. तुला माहीत नाही. बाहेर गेला की रस्त्यात पडायचा, लोक बघायचे. म्हणून मी ऑफिसातून येताना पिशवीतून आणायचो. मोजून ओतून द्यायचो. त्याला वाटायचं, मी त्याचा सगळ्यात चांगला भाऊ."

बत्तीस वर्षांचा संसार, आणि ती पिशवी रोज माझ्यासमोरून घरात आली असणार.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदम बंद करू नका, अंगाला कंप सुटतो, झटके येतात," मी म्हटलं. मला ते खरंच आठवत होतं.

"सांगितलं होतं," हे म्हणाले. "पण मी त्यासाठी नाही दिली. मी लोकांसाठी दिली."

त्यांच्या हातावर मी हात ठेवला. तेवढंच करता आलं. आत जाऊन कुकर लावला.

हे मी मुग्धाला फोनवर सांगितलं नाही. दिवाळीत ती आली तेव्हा यांनी स्वतः सांगितलं, फोटोखाली बसून. दोघं रडली. मी स्वयंपाकघरात अनारसे तळत होते, गॅस बारीक करून ऐकत राहिले.

रायवळाची बिअर त्या पावसाळ्यात चालली. लोकांनी विचारलं, हा कुठला आंबा? मुग्धाला टाक्या धुवायला लागल्या नाहीत. उलट पुढच्या वर्षीपासून मोसमी बिअर तिच्याकडेच आली. पुढच्या मेमध्ये जांभूळ, त्यानंतर करवंद, गेल्या वर्षी पुन्हा रायवळ, दुसऱ्या झाडाचा. दरवर्षी लाल झाकणाची पेटी, पडवी, पेले, कुरमुरे. हे आता दुपारी झोपत नाहीत, पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसतात आणि मध्येच विचारतात, "काय म्हणतेय जीभ?" प्यायले कधी नाहीत, पिणारही नाहीत. बर्फ मात्र तेच आणून देतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, सगळं छान झालं. झालंच आहे. पण दर एप्रिलला पेंढ्याचा वास आला की माझ्या टाळूला आधीच थकवा येतो, अजून एकही पेला पुढे आलेला नसताना.

काल दुपारी तिचा फोन आला. या वेळी फणस करायचा विचार आहे, अकरा प्रकार केलेत, शनिवारी घेऊन येते, असं ती भराभर सांगत होती. मी मधेच म्हटलं, "मुग्धा, यंदा मला नाही जमणार."

"का गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. थकले फक्त."

आयुष्यात हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता. ताप असतानाही कारखान्यात गेलेली बाई मी. पलीकडे शांतता पसरली. मला वाटलं, तिला राग आला. मनातल्या मनात मी माघार घ्यायची वाक्यं जुळवू लागले.

"आई," ती शेवटी म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "मीपण गं. खूप."

तिच्या बाजूने कुठली तरी टाकी भरत असल्याचा आवाज येत होता. मध्येच तिने नाक ओढलं. किती वर्षं ती अशी होती, हे मला माहेरच्या त्या झोपांवरून कळायला हवं होतं. मला तिच्या बिअरमधलं शिळं लोणी तेवढं कळलं होतं.

"फणसाचं काय करशील?" मी विचारलं.

"माझ्या हाताखालची मुलगी चाखेल. शिकलीय ती आता."

"मग तू ये. पेटी न घेता ये. आठ दिवस."

"येऊन करू काय?"

"काही नाही करायचं."

शनिवारी पहाटे ती पोचते. हे आत्ताच स्टँडवर जाऊन बसची वेळ विचारून आलेत. मी पोटमाळ्यावरची तिची गादी काढून उन्हात टाकलीय.